खाट क्रमांक एकची नाडी

१

चुडामण शुक्रवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी गेला, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. चार वाजून बारा मिनिटांनी त्याची नाडी ब्याऐंशी होती, असं कॉम्प्युटरनं लिहिलं होतं. दोघांपैकी एकाचं चुकत होतं, आणि अक्कलकुव्याच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात बळी मात्र तिसऱ्याचाच जायचा होता.

मी जगदीश. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं वायरी ओढल्या, आता प्रकाशा गावात घरी बसून लोकांना नावं ठेवतो. दवाखान्याचा एक ट्रस्टी माझा शाळासोबती. प्रकरण पोलिसांत जाण्याआधी आपल्यापैकी कोणीतरी बघावं म्हणून त्यानं रविवारी सकाळी मला बोलावून घेतलं. ‘तुला वायरींतलं कळतं आणि माणसांतलं कळत नाही, म्हणून तूच बरा,’ असं तो म्हणाला. मला राग आला, पण मी गेलो.

मुख्य डॉक्टर उमाकांत. कडक इस्त्रीचा माणूस. त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला.

‘वाचा. खाट क्रमांक एक, म्हणजे चुडामणची. शेवटच्या ओळीपर्यंत प्राणवायू सत्त्याण्णव, नाडी ब्याऐंशी. मेलेल्या माणसाची नाडी चालते का?’

‘नाही चालत.’

‘मग कोणाची चालत होती? ड्यूटीवर एकटी रिना होती. पेशंट गेला हे तिला उशिरा कळलं. ते लपवायला तिनं त्याच्या बोटावरचा नाडीचा चिमटा काढून स्वतःच्या बोटाला लावला. मी आलो तेव्हा चिमटा गादीवर पडला होता आणि स्क्रीनवर आकडे धावत होते. मी चार पाचला मृत्यू लिहिला, कॉम्प्युटर बंद केला, दुसऱ्या पेशंटला जनरल वॉर्डात हलवलं आणि खोलीला कुलूप घातलं. पुराव्यात कोणी ढवळाढवळ करायला नको.’

दोन खाटांची ती गंभीर रुग्णांची खोली. प्रत्येक खाटेमागच्या भिंतीवर सुरतच्या कुठल्याशा दवाखान्यानं दान केलेलं जुनं यंत्र. त्यांच्या स्वतःच्या स्क्रीन केव्हाच गेल्या होत्या, भोंगे मुके झाले होते. रुग्णाच्या बोटाला लावलेल्या चिमट्यातून प्राणवायू आणि नाडी मोजायची आणि आकडा वायरीतून काचेपलीकडच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला पाठवायचा, एवढं काम ती अजून करत होती.

बाहेर आलो तर वऱ्हांड्यात धनुबाई उभी होती. ती चुडामणची बायको आणि याच दवाखान्यातली वीस वर्षांची जुनी आया. रिनाच्या विरोधातल्या तक्रारीवर तिचाच अंगठा होता. सोमवारी संध्याकाळी तो कागद पोलिसांत जाणार होता.

‘आप्पा, तुम्हीन आपला मानूस शेतस,’ ती म्हणाली. ‘तिले सोडू नका. तिनी मन्हा मानूस मारा.’

मी मान हलवली. पण डोक्यात दुसरंच चाललं होतं. चार पाचला डॉक्टर खोलीत होते आणि चिमटा गादीवर होता. कॉम्प्युटर बंद झाला चार बाराला. मग ती सात मिनिटं स्क्रीनवर नाडी कोणाची चालली होती?

२

रिना वसावे मागच्या नर्सांच्या खोलीत बसली होती. मोलगीच्या पुढच्या पाड्यावरची मुलगी, वय सव्वीस. तिच्या पाड्यातून नर्स झालेली ती पहिलीच. चौकशी संपेपर्यंत कामावरून दूर. तिनं मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

‘सर, पावणेचारला आकडा पडायला लागला,’ ती म्हणाली. ‘पण एकचा नाही. दोनचा. आमशाकाकांचा. ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, ऐंशी. मी डॉक्टरांना फोन केला आणि धावत त्यांच्याकडे गेले. मास्क दाबला, ऑक्सिजन वाढवला. काचेतून बघत होते, तरी आकडा पडतच होता.’

‘आणि चुडामण?’

‘मध्ये पडदा होता. स्क्रीनवर त्यांचे आकडे छान होते. शेवटी दोनचा आकडाच गेला, आणि आमशाकाका तर माझ्याकडे बघत बसलेले. मला काही सुचेना. तेवढ्यात पडद्यामागे फारच शांत वाटलं. जाऊन बघते तर... मी चिमटा काढून फेकला आणि छाती दाबायला लागले. दोन्ही हातांनी. मी स्वतःच्या बोटाला कधी लावणार, सर?’

‘हे डॉक्टरांना सांगितलंस?’

‘सांगितलं. ते म्हणाले, आमशा ठणठणीत आहे, त्याचा आकडा कसा पडेल? खोटं बोलू नकोस.’

सकाळपाळीच्या ममता सिस्टरना विचारलं. त्या सगळं घाईत सांगणाऱ्या बाई. शुक्रवारी सकाळी दोन्ही रुग्ण एकदमच आले, त्यांनी दोघांना निजवलं, चिमटे लावले आणि मग कॉम्प्युटर चालू केला. दोन्ही ओळी एकदमच उमटल्या.

‘म्हणजे आधी कॉम्प्युटर बंद होता?’

‘दोन दिवस. बुधवारी खंडेनवमी, गुरुवारी दसरा. खोली रिकामीच होती. यंत्रांची पूजा झाली आणि आम्ही दार ओढून घेतलं. दर वर्षी असंच असतं.’

‘मग चिमटे तुम्हीच उलटे लावले नाहीत ना?’

त्या इतक्या चिडल्या की मला बरं वाटलं. खरं बोलणारी माणसं अशी चिडतात.

मी परत उमाकांतांकडे गेलो. ‘डॉक्टर, जो मेला त्याचा कागद तुम्ही काढलात. जो जगला त्याचा कोणी काढला?’

‘त्याचा कशाला? तो शनिवारी चालत घरी गेला.’

‘काढू या.’

नोंदी ठेवणारा कॉम्प्युटर कुलूपबंद खोलीच्या बाहेर, काचेपलीकडे होता. त्यांनी नाराजीनं तो चालू केला. कागद सरकत बाहेर आला आणि आम्ही दोघं त्यावर वाकलो. तीन पंचेचाळीसला ब्याण्णव. तीन पन्नासला एकाहत्तर. तीन अठ्ठावन्नला नाडीच्या जागी नुसती आडवी रेघ, आणि तिथून खाली रेघाच रेघा.

खाट क्रमांक दोनवरचा आमशा कागदोपत्री मेला होता.

३

‘सोपं आहे,’ उमाकांत म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली आला होता. ‘चिमट्यांची अदलाबदल. याचा त्याला, त्याचा याला. ममतानं नाही तर रिनानं. म्हणजे हलगर्जीपणा झालाच. तक्रार तशीच राहील.’

मी कुलूप उघडायला लावलं आणि खिशातली टेप काढली. भिंतीवरच्या यंत्रापासून चिमट्याची वायर होती पावणेचार फूट. एका यंत्रापासून दुसऱ्या खाटेवरच्या उशीपर्यंत अंतर नऊ फूट. चिमटा शेजारच्या माणसाच्या बोटापर्यंत पोचायला त्या माणसालाच अर्ध्या वाटेत यावं लागलं असतं. यंत्रंच बदलली म्हणावं, तर त्यांच्या स्क्रूंवर भिंतीच्या रंगाचा जुना थर जसाच्या तसा होता. चिमटे आणि यंत्रं आपापल्या खाटेशीच होती.

‘मग?’ डॉक्टर म्हणाले.

‘मग आमशाला भेटतो,’ मी म्हणालो. खरं तर मलाही माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी जीपनं मोलगीला गेलो. घाटात कडेची झाडं अजून हिरवी होती, पण मला कशातच गोडी वाटत नव्हती. रिनाच्या भावानं त्याला आधीच निरोप दिला होता. बाजाराच्या कडेला आमशा भेटला. पन्नाशीचा, काटक, दम्यानं छाती वाजणारा. घरात भिली बोलणारा माणूस, माझ्याशी जपून, तुकड्या तुकड्यांनी मराठी बोलला.

‘मी पोरीला सांगितलं,’ तो म्हणाला. ‘मी बरा आहे. तू तिकडं जा. पडद्यामागं म्हातारा घोरतो तसा आवाज काढतो. बरा आवाज नाही.’

‘मग ती काय म्हणाली?’

‘म्हणाली, काका बोलू नका, तुमचा आकडा पडतो. मास्क दाबून धरला. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा तो आवाजच बंद झाला होता.’ त्यानं जमिनीकडे बघितलं. ‘मी उठून गेलो असतो तर, साहेब? पण तिनं दाबून धरलं होतं.’

मी त्याला सांगितलं, तुझी काही चूक नाही. ते त्याला पटलं नाही. परतताना जीपमध्ये मी रिनावर मनातल्या मनात चिडलो होतो. जिवंत माणूस तीन वेळा सांगतो आणि ही पोर आकड्याकडे बघते! तिच्याच बोलीत सांगितलं त्यानं, तरी!

दवाखान्यात पोचलो आणि तसाच नर्सांच्या टेबलापाशी गेलो. कॉम्प्युटरच्या वरच भिंतीवर चौकटीत सूचना लावली होती, खाली उमाकांतांची सही: ‘पेशंटच्या बोलण्यावर जाऊ नये. स्क्रीन पाहावी.’

‘ही कधी लावली?’ मी ममता सिस्टरना विचारलं.

‘जूनमध्ये. एका पेशंटनं बरं वाटतंय म्हटलं, आणि रिनानं ऐकलं. तो थोडक्यात वाचला. डॉक्टरांनी तिला सगळ्यांसमोर उभं करून झापलं आणि ही पाटी तिच्याच हातानं लावायला लावली.’

माझा राग जागच्या जागी विझला. मी ती पाटी पुन्हा वाचली, मग नजर खाली कॉम्प्युटरवर आली. त्याच्या मागच्या बाजूला दोन वायरी शिरत होत्या. एका वायरीच्या टोकाला कुंकवाचं बोट उमटलं होतं.

४

टेलिफोन खात्यातली सवय अशी की वायर दोन टोकांनी बघायची. इतका वेळ सगळे खाटेकडचंच टोक बघत होते, मीसुद्धा. माझीच मला लाज वाटली.

जुन्या यंत्रांची वायर नऊ पिनांच्या रुंद प्लगात संपते. तसा प्लग घेणारी जागा नव्या कॉम्प्युटरला नसतेच, त्याला फक्त यूएसबीची चपटी भोकं. म्हणून मध्ये अंगठ्याएवढा अडॅप्टर लावतात: एका बाजूला नऊ पिना, दुसऱ्या बाजूला यूएसबी. इथे तसे दोन होते, दिसायला अगदी जुळे. दोन्हींवर कुंकू, आणि मागच्या फटीत झेंडूची वाळलेली पाकळी.

अडॅप्टर लावणारा भूपेश, नंदुरबारला कॉम्प्युटरचं दुकान. त्याला फोन करून तातडीनं बोलावलं. तो आला तो घामाघूम होऊन.

‘हे कधी बसवलेस?’

‘पोळ्याच्या आसपास, आप्पा. वीज पडली तेव्हा आधीच्यातला एक जळाला. मी दोन्ही बदलून दिले.’

‘जळाला नाही तो कुठे आहे?’

‘बॅगेतच आहे. चांगल्या कंपनीचा आहे, फेकवेना.’

मी तो जुना अडॅप्टर कॉम्प्युटरच्या डाव्या भोकात लावायला सांगितला. कॉम्प्युटर ज्या नंबरावरून खाट ओळखतो, तो स्क्रीनवर उमटला: पाच. काढून उजव्या भोकात लावला. पुन्हा पाचच.

‘आता नवा लाव.’

डाव्या भोकात तीन. तोच उजव्या भोकात, चार.

भूपेशचा चेहरा उतरला. त्याला आधीपासून माहीत होतं, हे मला तिथेच कळलं. जुन्या अडॅप्टरच्या पोटात त्याचा स्वतःचा क्रमांक होता. शाळेत मास्तर ओळखीच्या पोराला कुठल्याही बाकावर बसला तरी त्याच्याच नावानं हाक मारतो, तसं. नव्या स्वस्तातल्या अडॅप्टरला स्वतःचा क्रमांकच नव्हता. त्यामुळे कॉम्प्युटर फक्त बाक बघून हाक मारत होता. डाव्या बाकावर बसेल तो खाट एक, उजव्या बाकावर बसेल तो खाट दोन.

‘म्हणजे गेल्या दसऱ्याला वायरी अडॅप्टरसकट काढून उलट्यासुलट्या लावल्या असत्या तरी चाललं असतं,’ मी म्हणालो.

‘हो.’

‘आणि यंदा?’

तो जुना अडॅप्टर बॅगेत ठेवायला लागला.

‘भूपेश, या वायरी काढू नका, काढल्या तर जागच्या जागीच लावा, हे तू इथे कोणाला सांगितलं होतंस?’

त्यानं रुमालानं मान पुसली. ‘सांगायचं राहिलं, आप्पा.’

‘चिठ्ठी तरी चिकटवायची. एक आणि दोन. दोन कागदाचे तुकडे.’

‘राहिलं,’ तो म्हणाला.

शिव्या खूप येत होत्या, पण एवढ्या मोठ्या गोष्टीला त्या पुरणार नव्हत्या. शिवाय एक प्रश्न उरलाच होता, आणि त्याचं उत्तर मला ममता सिस्टरनी रविवारीच देऊन टाकलं होतं, मी नीट ऐकलं नव्हतं. यंत्रांची पूजा झाली, त्या म्हणाल्या होत्या. कोणी केली, ते मी विचारलं नव्हतं.

आता विचारलं. त्यांनी सहज नाव सांगितलं, आणि मग त्यांचाही हात तोंडावर गेला.

५

चार वाजता मी सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं. उमाकांत, ममता, भूपेश, रिना. धनुबाईला मी बोलावलं नव्हतं. ट्रस्टीला सांगून तिला दुपारची सुट्टी द्यायला लावली होती.

कॉम्प्युटरमागच्या वायरी पुन्हा शुक्रवारसारख्या लावल्या. खाट एकवर भूपेशला निजवलं, खाट दोनवर ममता सिस्टरना. दोघांच्या बोटांना चिमटे लावले. स्क्रीनवर दोन ओळी धावू लागल्या.

‘डॉक्टर, आता खाट एकचा चिमटा काढा.’

उमाकांतांनी भूपेशच्या बोटावरचा चिमटा काढला. काचेपलीकडे खाट दोनची नाडी थांबली. खाट एकवर चिमटा गादीवर पडला होता, आणि स्क्रीनवर तिची नाडी मजेत चालली होती.

‘तुमची ती सात मिनिटं,’ मी म्हणालो. ‘ती नाडी रिनाची नव्हती. आमशाची होती. आणि पावणेचारला जो आकडा पडत होता तो चुडामणचा. ही मुलगी मरणाऱ्या माणसासाठीच धावली, फक्त स्क्रीननं तिला चुकीच्या खाटेकडे धाडलं. आमशा तीन वेळा म्हणाला, तिकडं जा. तिनं त्याचं ऐकलं नाही, कारण ऐकायचं नाही असं तुम्ही भिंतीवर लिहून ठेवलंय.’

उमाकांतांनी पाटीकडे बघितलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘तक्रार जाणार नाही,’ ते म्हणाले. ‘रिना, उद्यापासून कामावर ये.’ मग तिच्याकडे बघत, ‘मी चुकलो.’ असं म्हणताना त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि बहुतेक तेही.

रिनानं मान खाली घातली. तिला आनंद झाल्याचं काही दिसेना.

‘पण वायरी काढल्या कोणी?’ उमाकांत म्हणाले. ‘ते नाव अहवालात यायला हवं.’

‘नको,’ मी म्हणालो. ‘अडॅप्टर बदलला त्यानं सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही. तेवढं लिहितो. पूजेत वायरी निघाल्या, एवढं पुरे. काढणाऱ्याला हे कळायचं काही कारणच नव्हतं.’

‘नाव, जगदीशराव.’

‘मी काढ्यात.’

धनुबाई दारात उभी होती. सुट्टी दिली तरी ती घरी गेली नव्हती. रिकाम्या घरात ती जाऊन करणार तरी काय होती? वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून तिनं सगळं ऐकलं होतं.

‘मी काढ्यात, आप्पा. वीस वरीस व्हयनात, मीच पूजा करस. येक येक वायर काढी, फडकाघाई पुसी, कुकू लावं, फूल ठेवं. शुक्कारले यासले आननं व्हतं, म्हनीसन यंदा जास्तीच मन लाईसन करी. मन्हा मानूसले सांभाळ, अशी मशीनले सांगं. मंग जशा हातमा उन्यात तशा लाई दिन्यात. दोन्ही सारख्याच तं व्हत्यात.’

‘मावशी, तुन्ही काही चूक नई,’ मी म्हणालो. ‘तुले कोन्हीच सांगेल नव्हतं.’

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. माणसांतलं मला कळत नाही हे खरंच आहे. तिला माझ्याकडून काही ऐकायचंच नव्हतं. ती सरळ रिनासमोर जाऊन उभी राहिली. तीन दिवस ज्या पोरीला तिनं तळतळून शाप दिले, त्या पोरीला आता तिनं अगदी हळू आवाजात विचारलं.

‘पोरी, वायरी नीट लायेल ऱ्हात्यात, तं आकडा तेन्हा पडता. मंग तू तेन्हाकडे येती ना?’

रिनानं खोटं बोलावं असं मला फार वाटलं. कोण जाणे मावशी, वय झालं होतं, आलं असतं तरी काय झालं असतं, असं काहीतरी. मी असतो तर बोललो असतो. पण तीन दिवस तिला सगळ्यांनी खोटारडी म्हटलं होतं.

‘आले असते, मावशी,’ ती म्हणाली.

‘कितला येळमा?’

रिनाचे डोळे भरले. ‘एका मिनिटात.’

धनुबाईनं मान हलवली, हिशेब पटल्यासारखी नाही, नुसती ऐकल्यासारखी. मग ती खाट एकच्या पायथ्याशी फरशीवर बसली आणि तिनं गादीचा काठ दोन्ही हातांनी धरला. रिना तिच्या शेजारी बसली. आम्ही बाकीचे एकेक करून खोलीबाहेर आलो.